कर्जाची मुदत आणि जस्ताची मुदत

आमच्या लहानपणी मंचरच्या पेठेत कल्हईवाला येत असे. दिवाळीपूर्वी तर घरोघरी त्याची वाट पाहिली जाई. वाड्याच्या कोपऱ्यात लहानसा खड्डा खणून तो भट्टी मांडी, भात्याने निखारे फुलवी आणि पितळेचे पातेले सांडशीत धरून तापवी. पातेले पुरेसे तापले की त्यात नवसागराची चिमूट पडे, कथलाची कांडी फिरे आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले कथील आतून सर्व बाजूंना सारवले जाई. काळवंडलेले पितळ पाहता पाहता चांदीसारखे उजळे. आम्हा मुलांना तो चमत्कार वाटे; आजीच्या लेखी तो व्यवहार होता. ती प्रत्येक भांडे उन्हात नेऊन आतून न्याहाळी आणि कोठे पिवळा ठिपका राहिलेला दिसला तर ते परत भट्टीकडे धाडी. "उद्या आमटी कळकली तर नाव तुझं नाही, माझं निघेल," असे ती त्याला बजावी.

स्टेनलेस स्टीलची भांडी आली आणि कल्हईवाल्याची हाक पेठेतून नाहीशी झाली. परंतु त्याचा धंदा बुडाला असे म्हणणे खरे नव्हे. तो अनेक पटींनी वाढून कारखान्यांत गेला आहे. भिंतीचा रंग, मोटारीच्या पत्र्यावरील लेप, नळाच्या तोटीवरील क्रोमचा मुलामा, लोखंडी पाइपवरील जस्त, कपाटावरील पावडर कोटिंग, कुकरवरील ॲनोडायझिंग ही सर्व कल्हईचीच भावंडे होत. ज्या स्टेनलेस स्टीलने कल्हई हद्दपार केली, त्याचेही रक्षण पृष्ठभागावर आपोआप तयार होणारा क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य थरच करतो. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांवर तारांची जी जाळी ताणलेली आहे, तीही याच पोलादाची.

या सर्व लेपांची जाडी मोजण्याचे एकक म्हणजे मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आजीला पिवळा ठिपका डोळ्यांनी दिसत असे. ८ मायक्रॉन जस्त आणि १९ मायक्रॉन जस्त यांतील फरक मात्र कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही थर नवे असताना सारखेच चकाकतात. ग्राहकाला जे दिसत नाही त्याचे मोल तो कोणाच्या भरवशावर देतो, हा या लेखाचा प्रश्न आहे. बँकेच्या नोकरीत या प्रश्नाचे उत्तर मला उशिरा आणि थोडे महागात कळले.

गंजाचा राष्ट्रीय हिशेब

प्रथम या उद्योगाचा आवाका पाहू. गंज व क्षरण यांच्या अभ्यासाला वाहिलेल्या 'नेस इंटरनॅशनल' या संस्थेने २०१६ साली एक जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगाला गंजामुळे दरवर्षी सुमारे २.५ लाख कोटी डॉलरचा भार सोसावा लागतो. हा आकडा जगाच्या सकल उत्पन्नाच्या ३.४ टक्के भरतो. भारतासाठी हेच प्रमाण ४.२ टक्के धरले आहे. आज उपलब्ध असलेले उपाय नीट वापरले तरी या हानीपैकी १५ ते ३५ टक्के हानी टळू शकते, असाही त्या अहवालाचा निष्कर्ष आहे.

यातून लेपन-उद्योगाचे खरे आर्थिक मोल ध्यानी येते. ते केवळ या उद्योगाच्या उलाढालीत किंवा त्याने दिलेल्या रोजगारात सामावत नाही. त्याचा मोठा भाग न झालेल्या नुकसानीत असतो, आणि न झालेले नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. पूल १५ वर्षांऐवजी ४० वर्षे टिकला तर मधल्या काळातील बचत कोणाच्या खात्यावर जमा होत नाही. ती समाजाच्या खात्यावर पडते, आणि समाज पासबुक ठेवत नाही.

जगात वापरल्या जाणाऱ्या जस्तापैकी साधारण निम्मे जस्त लोखंडाला गंजापासून वाचवण्यासाठीच खर्ची पडते. जस्त हा लोखंडाचा मोठा स्वार्थत्यागी सोबती आहे. थराला लहानसा ओरखडा पडून लोखंड उघडे झाले, तरी आजूबाजूचे जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. अर्थात जस्त शिल्लक असेल तोवरच.

आपल्या भागाची जुनी पुंजी

धातू, भांडवल आणि विश्वास यांचे नाते आपल्या भागाला नवे नाही. सातवाहन काळात नाणेघाटाने कोकणातील बंदरांशी जोडलेले जुन्नर हे मोठे व्यापारी नगर होते. जुन्नर परिसरातील लेण्यांच्या ब्राह्मी शिलालेखांत कारागिरांच्या श्रेणींचे उल्लेख येतात. धर्मकार्यासाठी कायम ठेव म्हणून काही रक्कम वंसकार म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांसाकार म्हणजे काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणीकडे व्याजाने ठेवल्याची नोंद तेथे आहे. धातूकाम करणाऱ्यांची संघटना लोकांच्या ठेवी सांभाळत होती, याचा अर्थ तिच्या मालावर आणि शब्दावर लोकांचा भरवसा होता. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला या दगडी पासबुकाचे अप्रूप वाटल्यावाचून राहत नाही. आज नारायणगावच्या शिवारात टोमॅटोची झाडे उभी असतात तीही बांबू आणि जस्ताची तार यांच्याच आधारावर!

जस्ताच्या संदर्भात आणखी एक स्थळ आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे मध्ययुगात खनिजापासून जस्ताचे ऊर्ध्वपातन मोठ्या प्रमाणावर होत असे. एवढ्या मोठ्या प्रमाणावर जस्त काढण्याचे हे जगातील सर्वांत जुन्या ज्ञात केंद्रांपैकी एक समजले जाते. त्याच परिसरात जुन्या जैन मंदिरांचे अवशेष आजही उभे आहेत.

रंगाच्या व्यापाराचा आधुनिक इतिहास तर आपल्या डोळ्यांसमोरचा. १९४२ साली, महायुद्धामुळे परदेशी रंग मिळेनासा झाला असताना, चंपकलाल चोक्सी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील या चौघांनी मुंबईत एशियन पेंट्सचा प्रारंभ केला. मोठ्या शहरांतील घाऊक व्यापारी नव्या कंपनीला दाद देईनात, तेव्हा त्यांनी लहान गावांतील दुकानदारांची वाट धरली आणि रंग लहान डब्यांत विकायला आरंभ केला. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली रेखाटलेला, हाती ब्रश घेतलेला खोडकर 'गट्टू' त्या डब्यांबरोबर खेडोपाडी पोहोचला. १९६७ पर्यंत ही कंपनी देशात पहिल्या क्रमांकावर आली होती. भांडवलदारांच्या पेढ्यांइतकाच तालुक्याच्या पेठेतील दुकानदाराचा गल्ला या यशामागे आहे.

त्या दुकानांचे अर्थकारण मी कॅश क्रेडिटच्या स्टॉक स्टेटमेंटमधून जवळून पाहिले. पूर्वी प्रत्येक छटेचा, प्रत्येक मापाचा डबा दुकानात ठेवावा लागे. न खपलेल्या छटांचे डबे वर्षानुवर्षे फळीवर बसून असत आणि त्यांच्यावर बँकेचे व्याज मात्र चालू राही. दुकानात रंग मिसळणारी यंत्रे आली आणि चित्र पालटले. थोडे पांढरे बेस आणि मोजके रंगद्रव्य एवढ्या साठ्यावर हजारो छटा देता येऊ लागल्या. त्याच जागेत, त्याच भांडवलावर उलाढाल वाढली. जुलै २०१८ मध्ये रंगांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्याचाही या दुकानांना आधार झाला.

चाकणची साखळी

पुणे-नाशिक महामार्गाने मंचरहून दक्षिणेकडे निघाले की राजगुरुनगर ओलांडून चाकणचे औद्योगिक क्षेत्र लागते. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने तेथे आहेत. जुन्नर-आंबेगावातील कितीतरी तरुण रोज या रस्त्याने कामाला जातात. मोटारीचा सांगाडा जोडून झाला की तो धुऊन, त्यावर फॉस्फेटचा थर चढवून, विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने प्रायमरच्या कुंडात बुडवला जातो. त्यानंतर रंगाचे थर आणि शेवटी पारदर्शक थर चढतो. हे सारे मिळून जाडी भरते साधारण १०० ते १२० मायक्रॉन. वाहन-कारखान्यातील रंगशाळा हा सर्वांत खर्चिक विभागांपैकी एक असतो.

मोठ्या कारखान्यांमागे लहान कारखान्यांची रांग असते. बोल्ट, कंस, स्प्रिंग, पत्र्याचे लहान भाग यांवर जस्ताचा मुलामा किंवा पावडर कोटिंग करून देणारे जॉबवर्कवाले चाकण-भोसरी पट्ट्यात पसरलेले आहेत. पावडर कोटिंगमध्ये भाग सात टाक्यांतून जातो. तेलकटपणा काढणे, गंज काढणे, फॉस्फेट चढवणे आणि मधली धुणी आटोपली की त्यावर विद्युतभारित कोरडी पावडर फवारतात आणि साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत ती भाजून पक्की करतात. उडालेली पावडर गोळा करून पुन्हा वापरता येते आणि द्रावक नसल्याने हवेत वाफा मिसळत नाहीत. थोड्या भांडवलात, तालुक्याच्या गावातही उभा राहू शकेल असा हा धंदा आहे.

अशा एका तरुण उद्योजकाला मी कर्ज दिले होते. त्याचे काम चोख होते. कमी पडे ती वसुली. बिले तीन-तीन महिने अडकत आणि पगाराच्या दिवशी तो माझ्यासमोर येऊन बसे. आज कायदा त्याच्या बाजूचा आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले पाहिजेत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून तर असे मुदतीत न दिलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून वजाही मिळत नाहीत. आपल्यापैकी जे असे काम बाहेरून करून घेतात, त्यांनी हा नियम कराच्या भीतीने पाळावाच. पण त्या कारागिराच्या घरचा किराणा आपल्या सहीसाठी खोळंबला आहे, हेही ध्यानात ठेवावे.

एक कर्जप्रकरण

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आंबेगाव तालुक्यातील एका शेतकऱ्याने ढोबळी मिरचीसाठी पॉलिहाऊस उभारण्याकरिता आमच्या शाखेकडून ७ वर्षांच्या मुदतीचे कर्ज घेतले. मी सातबारा पाहिला, पाण्याचा स्रोत पाहिला, अनुदानाची मंजुरी पाहिली, विमा उतरवला, परतफेडीचे कोष्टक आखले. दोन दरपत्रके आली होती. त्यांपैकी स्वस्त दरपत्रक मीच सुचवले. त्यात पाइपांपुढे 'जी. आय.' एवढीच दोन अक्षरे होती. जस्त किती, हे मी विचारले नाही. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी असूनही हा प्रश्न मला सुचला नाही.

पाचव्या वर्षी त्यांनी मला शेतावर नेले. "साहेब, वरून रंग मारलाय, पण आतून पोकळ झालंय," ते म्हणाले. जमिनीत गाडलेल्या भागापाशी आणि जोडांच्या भोकांपाशी पाइप पापुद्र्यांसारखे सुटत होते. पॉलिहाऊसच्या आतील सततचा दमटपणा, खते आणि गंधकयुक्त औषधे यांनी पातळ जस्त केव्हाच खाऊन टाकले होते. वेल्डिंग केलेल्या ठिकाणी जस्त जळाले होते आणि त्यावर दुरुस्तीचा लेप कोणी लावला नव्हता. सांगाड्याच्या दुरुस्तीसाठी त्यांना हातउसने घ्यावे लागले, दोन हप्ते थकले. त्यांनी पुढे कर्ज फेडले, परंतु त्यासाठी घरातले सोने मोडले. दोन दरपत्रकांतील फरक एका हप्त्याइतकाही नव्हता.

निवृत्तीनंतर मी या विषयाचा थोडा अभ्यास केला, तेव्हा आपली चूक आकड्यांत दिसली. जस्ताचा १ मायक्रॉन थर म्हणजे दर चौरस मीटरमागे सुमारे ७ ग्रॅम जस्त. जस्ताच्या पत्र्याच्या भारतीय मानकात १२० ग्रॅम, २७५ ग्रॅम अशा प्रती असतात, आणि हे वजन दोन्ही बाजूंचे मिळून असते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणजे १२० च्या प्रतीत एका बाजूला सुमारे ८ मायक्रॉन आणि २७५ च्या प्रतीत सुमारे १९ मायक्रॉन जस्त पडते. अशा पत्र्याच्या पट्ट्या वळवून केलेल्या पाइपवर तेवढेच जस्त असते. भाग तयार करून, भोके पाडून, मग साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवला, तर थर बहुधा ५० ते ८५ मायक्रॉनचा मिळतो.

हवेच्या दाहकतेनुसार जस्त किती झिजते याची आंतरराष्ट्रीय वर्गवारी आहे. सौम्य, कोरड्या ग्रामीण हवेत ते वर्षाला ०.१ ते ०.७ मायक्रॉन झिजते. मध्यम दाहक हवेत ०.७ ते २.१ मायक्रॉन. दमट पॉलिहाऊससाठी आपण वर्षाला २ मायक्रॉन धरू. ८ मायक्रॉन जस्त ४ वर्षांत संपेल, १९ मायक्रॉन साडेनऊ वर्षे पुरेल. कर्जाची मुदत होती ७ वर्षे. तारण म्हणून मी जे धरले होते, ते कर्जाच्या आधी मुदतपूर्ण होणार हे पहिल्याच दिवशी ठरलेले होते. हा हिशेब कागदाच्या पाठीवर दोन मिनिटांत झाला असता.

पाण्याची बाकी

या उद्योगाच्या खात्यात नावे बाजूही आहे. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या टाक्यांत आम्ले, सायनाइड आणि सहा-संयुजी क्रोमियम यांसारखी घातक द्रव्ये वापरली जातात. सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची भारतीय मानकाने ठरवलेली मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम इतकी सूक्ष्म आहे. युरोपीय संघाने २००० सालच्या निर्देशानुसार वाहनांतील त्याच्या वापरावर बंधने घातली आणि त्यामुळे आपल्याकडील निर्यातदारांनाही तीन-संयुजी क्रोमियमकडे वळावे लागले. घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी शिरूर तालुक्यात रांजणगाव येथे सामाईक केंद्र आहे. तेथे गाळ पाठवण्याचा खर्च जो टाळतो, तोच बाजारात स्वस्त दर देऊ शकतो. भामा, इंद्रायणी, घोड या साऱ्या नद्या शेवटी भीमेला मिळतात. स्वस्त मुलाम्याची उरलेली किंमत खालच्या गावांतील विहिरी भरतात.

गल्ल्यापाशी

मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, जुन्नर या पेठांतील हार्डवेअर, पाइप, पत्रे आणि रंग यांच्या व्यापारात आपल्या समाजातील अनेक घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कारखानदार शेतकऱ्याला ओळखत नाही, शेतकरी मानक जाणत नाही. दोघांच्या मध्ये उभा असतो तो दुकानदार. "शेठ, तुम्हीच सांगा कोणता घेऊ," असे म्हणून ग्राहक त्याच्यावर निर्णय सोपवतो, तेव्हा मायक्रॉनचा सारा हिशेब एका माणसाच्या शब्दावर येऊन ठेपतो. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार हे दोन गणले आहेत. खोटे माप आणि अस्सलाच्या जागी नक्कल, असा त्यांचा अर्थ. पूर्वी माप तागडीत असे, ते साऱ्यांना दिसे. आज ते मायक्रॉनमध्ये आहे. व्रत तेच आहे.

यासाठी फार मोठे काही करावे लागणार नाही. बिलावर नुसते 'जी. आय.' न लिहिता मानकाचा क्रमांक आणि जस्ताचे वजन लिहावे. ग्राहकाने न विचारता लिहावे. लेपाची जाडी मोजणारे तळहाताएवढे यंत्र काही हजार रुपयांत मिळते; ते वजनकाट्याशेजारी ठेवावे आणि ग्राहकाच्या हाती द्यावे. कापलेल्या, भोक पाडलेल्या किंवा वेल्डिंग केलेल्या जागी जस्तयुक्त रंग लावायला सांगावे आणि तो डबा बरोबर द्यावा. कर्जावर खरेदी होत असेल तर एकच प्रश्न विचारावा: हप्ते किती वर्षांचे आहेत? त्याहून अधिक टिकेल तोच माल दाखवावा. स्वस्त माल हवाच असेल तर जरूर द्यावा, पण त्याचे आयुष्य सांगून द्यावे. जे बंधू-भगिनी बँकेत किंवा पतसंस्थेत आहेत, त्यांनी दरपत्रकावर लेपाच्या जाडीचा रकाना नसेल तर ते परत पाठवावे.

गेल्या वर्षी त्याच शेतकऱ्यांची मंचरच्या पेठेत गाठ पडली. मुलासाठी नवे शेडनेट उभारायचे म्हणून ते पाइप पाहायला आले होते. दुकानातला पाइप त्यांनी उजेडात धरला, आतून-बाहेरून न्याहाळला आणि दुकानदाराला विचारले, "जस्त किती आहे?" दुकानदार क्षणभर थबकला आणि मग खाणातून कंपनीचे प्रमाणपत्र काढून त्याने त्यांच्यासमोर ठेवले. भांडे उन्हात धरणारी माझी आजी मला त्या वेळी आठवली.